वकील मोठा की फाईल मोठी?



जिल्हा समितीनं ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले, त्या गावांत सध्या एकच चर्चा चालू आहे. हायकोर्टात जायचं तर वकील कोणता लावायचा? एक गट म्हणतो, घरटी पट्टी गोळा करा, शेळी विकावी लागली तरी विका, पण मोठा वकील लावा. मोठा वकील लावला की केस जिंकलीच म्हणून समजा. दुसरा गट म्हणतो, वकील सगळे एकाच माळेचे मणी, फी घेतात आणि तारीख देतात. त्यापेक्षा तोच पैसा गाड्यांच्या डिझेलला घाला आणि कलेक्टर ऑफिसवर मोर्चा न्या. किनवट, हिमायतनगर, भोकर, सगळीकडची माणसं मुदखेड जंक्शनला गाडी बदलतात, त्यामुळं दोन्ही गटांचं भांडण मला प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या ऐकायला मिळतं. माझं मत या दोघांपेक्षा वेगळं आहे, ते इथं मांडते.

वकिलानं फरक पडतो का? पडतो. किती पडतो ते बघायचं असेल तर २०१९ सालचा फेब्रुवारी महिना आठवा.

काही वन्यजीव संस्था आणि निवृत्त वन अधिकाऱ्यांनी वनहक्क कायद्याच्या विरोधात २००८ पासून सुप्रीम कोर्टात केस लावलेली आहे. त्या केसमध्ये कायद्याची बाजू सांभाळायचं काम केंद्र सरकारच्या वकिलांचं. कायदा संसदेनं केलेला, म्हणून तो वाचवायचा सरकारनं. ज्यांची जमीन जायची ते आपण त्या केसमध्ये मूळ पक्षकारसुद्धा नव्हतो. समोरच्यांचे वकील नामांकित, तयारी करून येणारे. आणि आपल्या बाजूचा सरकारी वकील तारखेमागून तारखेला कायद्यासाठी तोंडच उघडत नव्हता, अशी तक्रार देशभरातल्या संघटना आधीपासून करत होत्या. शेवटी १३ फेब्रुवारीला आदेश आला: ज्यांचे दावे अंतिमतः फेटाळलेत त्यांना जमिनीवरून काढा आणि २४ जुलैच्या पुढच्या तारखेच्या आत अहवाल द्या. सगळ्या राज्यांचे मिळून दहा लाखांच्या वर दाव्यांचा प्रश्न होता. आपल्या पाड्यापर्यंत ही बातमी आली तेव्हा बायकांनी पहिलं काय केलं असेल तर पेटीतून दाव्याच्या पावत्या काढून बघितल्या, आहेत का जाग्यावर.

मग गावोगाव निवेदनं, मोर्चे, दिल्लीत आवाज. केंद्र सरकारला हलावं लागलं. २८ फेब्रुवारीला सरकारच अर्ज घेऊन कोर्टात गेलं. सॉलिसिटर जनरल तुषार मेहता उभे राहिले. दावे फेटाळताना कायद्यात सांगितलेली पद्धत पाळली का, हे आधी बघितलं पाहिजे, असं कोर्टापुढं आलं. एवढे दिवस तुम्ही झोपला होतात का, अशा अर्थाचं कोर्टानं सरकारला सुनावलं. आणि आदेशाला स्थगिती दिली.

कायदा तोच. कोर्ट तेच. आपली जमीनही तीच. मधल्या पंधरा दिवसांत एवढंच झालं की कुणीतरी उभं राहून बोललं. म्हणून "वकील लावून काय होतं" असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. आणि मोर्चानं काय होतं म्हणणाऱ्यांनाही हेच उदाहरण, कारण वकिलाला उभं राहायला लावलं ते रस्त्यावरच्या माणसांनी.

वकिलांची ताकद असमान असते हे आपणच म्हणतो असं नाही. महाराष्ट्राच्या विधानसभेनं ते कायद्यात लिहून ठेवलेलं आहे. १९७४ साली आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींच्या हाती गेलेली जमीन मूळ आदिवासीला परत करायची, असा तो कायदा. त्यात पुढं कलम ९ अ घातलं: या कामात कलेक्टर, कमिशनर आणि महसूल न्यायाधिकरणापुढं कुठल्याच बाजूनं वकील उभा राहणार नाही. सावकार आणि मोठे जमीनवाले चिडले. आमचा वकील लावायचा हक्क काढून घेतला म्हणून थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. लिंगप्पा पोचन्ना विरुद्ध महाराष्ट्र राज्य या केसचा निकाल डिसेंबर १९८४ मध्ये लागला. कोर्टानं कायदाही कायम ठेवला आणि वकीलबंदीही कायम ठेवली. त्यामागचा विचार असा होता की एका बाजूला पैसेवाला माणूस चांगला वकील लावून उभा आणि दुसऱ्या बाजूला ज्याला वकील परवडत नाही तो आदिवासी, ही लढत बरोबरीची होऊच शकत नाही.

हे वाचून मला आधी बरं वाटलं. मग प्रश्न पडला. खालच्या पायऱ्यांवर वकील बंद केला, पण हायकोर्टात बंद नव्हता. ज्याच्याकडं पैसा तो वरच्या पायरीवर वकील घेऊन जाणारच. आपला माणूस तिथं कुणाच्या भरवशावर उभा राहणार? वकील काढून घेऊन बरोबरी होते ती एका खोलीपुरती. पूर्ण बरोबरी करायची तर आपल्या बाजूलाही तेवढाच जाणता वकील पाहिजे.

आता अनुभवाचं. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१९ मध्ये मध्य प्रदेशातल्या खंडव्याच्या एका फौजदारी खटल्यात फाशीची शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला. कारण काय? आरोपीला सरकारी मदतीतून दिलेला वकील ज्या दिवशी नेमला त्याच दिवशी आरोप ठेवले गेले आणि दोन आठवड्यांत सगळा खटला उरकला. वकिलाला कागद वाचायलाच वेळ नव्हता. कोर्टानं सांगितलं, जिथं जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते तिथं असा वकील किमान दहा वर्षं वकिली केलेलाच असावा आणि त्याला तयारीला किमान सात दिवस तरी मिळावेत. यातल्या दोन गोष्टी आपण कामाच्या म्हणून धरल्या पाहिजेत, दहा वर्षं आणि सात दिवस. आपले लोक फक्त दहा वर्षं धरतात. केस किती पिकलेत, गाडी कोणती आहे, ऑफिसात एसी आहे का, हे बघून येतात. फाईल वाचायला त्याला सात दिवस आहेत का, हे कुणी विचारत नाही.

आणि दहा वर्षं कशाची? हा खरा सवाल आहे.

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या संभाजीनगरच्या खंडपीठात आपल्या भागातल्या आदिवासींच्या केसेस म्हणलं की बहुतेक करून जात पडताळणीच्या. नोकरी, ॲडमिशन, निवडणूक, सगळं त्या दाखल्यावर अडतं. त्यामुळं "मी आदिवासींच्या शंभर केसेस केल्यात" असं एखादा वकील म्हणला तर तो खोटं बोलत नसतो. पण त्या शंभरातल्या वनहक्काच्या किती? तसंच तालुक्याच्या कोर्टातला वकील. वाटणीपत्र, बांधाचं भांडण, मनाई हुकूम, यात तो तरबेज असतो. वनहक्काची केस त्याच्या हाती दिली की तो तिला बांधाच्या भांडणासारखी लिहितो. मी एका गावाबरोबर अशा एका वकिलाकडं गेले होते. गावाचं आणि वकिलाचं नाव घेत नाही. सोबतच्या म्हाताऱ्या काकांनी सगळी हकिगत सांगितली, तीन पिढ्यांची. साहेब शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे अतिक्रमणाचं मॅटर आहे ना? अतिक्रमण नियमित करून मागू." काका म्हणाले, "साहेब, अतिक्रमण फॉरेस्टनं केलं. आम्ही आधीपासून हावोत." साहेब हसले आणि कागदावर अतिक्रमणच लिहिलं.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. २००६ चा कायदा आपल्याला जमीन दान देत नाही. आपला हक्क आधीपासून होता, तो लिहायचा राहिला, तो अन्याय दुरुस्त करायचा, असं त्या कायद्याच्या सुरुवातीलाच म्हणलेलं आहे. आपल्याच वकिलानं अर्जात "अर्जदाराने अतिक्रमण केले" असं लिहिलं की समोरच्या सरकारी वकिलाला काही करायची गरज उरत नाही. तुम्हीच कबूल केलंत ना! असाच दुसरा प्रकार "विरुद्ध ताबा" म्हणून मांडायचा. अमुक वर्षं मालकाच्या विरोधात ताबा ठेवला म्हणून जमीन आमची, असा तो मुद्दा असतो. सरकारविरुद्ध त्याला तीस वर्षं लागतात, आणि मालक सरकार आहे हे आधी मान्य करावं लागतं. कशाला मान्य करायचं?

जाणकार वकील काय वेगळं करतो ते सांगते. हायकोर्ट तुमचं शेत मोजायला येत नाही. साक्षीदार उभे करत नाही. खालच्या समितीनं निर्णय कायद्याप्रमाणं घेतला का, एवढंच ते बघतं. म्हणून जाणकार वकील हायकोर्टात "जमीन द्या" म्हणून बसत नाही. तो विचारतो, दावा फेटाळल्याचं कारण लेखी दिलं का? दावेदाराला बोलावून त्याचं म्हणणं ऐकलं का? ग्रामसभेचा ठराव डावलला तर का डावलला? फक्त उपग्रहाच्या फोटोत शेत दिसत नाही म्हणून दावा उडवला का? नियम १२ अ मध्ये २०१२ साली हे सगळं आलेलं आहे, उपग्रहाचा फोटो इतर पुराव्याला जोड म्हणून चालतो, त्याच्या जागी चालत नाही. मग तो दोनच गोष्टी मागतो: दावा पुन्हा समितीकडं पाठवा, आणि निकाल लागेपर्यंत कलम ४(५) प्रमाणं आम्हाला हलवू नका. गुजरातमध्ये आर्च या संस्थेनं असंच केलं. २०१३ साली गुजरात हायकोर्टानं फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला लावले. मागणी लहान वाटते, पण पदरात पडणारी आहे. नवखा वकील एकदम मालकी मागतो आणि कोर्ट म्हणतं, हे आमचं काम नाही, जा दिवाणी कोर्टात. दोन वर्षं गेली.

आमच्या भागाची अजून एक भानगड आहे. किनवट-माहूरची पुष्कळ गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. मुदखेड, भोकर येत नाहीत. २०२० साली राज्यपालांनी काढलेल्या अधिसूचनेनं अनुसूचित क्षेत्रातल्या लोकांना जिल्हा समितीच्या वर विभागीय समितीकडं अपील करता येतं. मुदखेडच्या माणसाला ती पायरी नाही. हे ज्या वकिलाला माहीत नाही तो किनवटवाल्याला थेट हायकोर्टात नेतो. तिथं न्यायमूर्ती म्हणतात, आधी अपील का केलं नाही? आणि मुदखेडवाल्याला तो नसलेल्या समितीच्या दारात नेऊन बसवतो.

आपल्यासोबत राहणाऱ्या इतर पारंपरिक वननिवासी शेजाऱ्यांचं, म्हणजे आदिवासी यादीत नसलेल्यांचं, तर आणखी अवघड. त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं दाखवायची आहेत. हिशेब केला तर १९३० साल येतं. तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं आणि सरकारी कारभार उर्दूत. पुण्या-मुंबईचा कितीही मोठा वकील आणा, ते जुने कागद बघून त्याला घाम फुटेल. इथं नांदेडात उर्दू वाचणारे मौलवीसाहेब किंवा जुने शिक्षक जास्त कामाला येतील. दुसरं असं की ही ७५ वर्षं त्याच तुकड्यावरच्या ताब्याची नाहीत. तीन पिढ्या जंगलाच्या आधारानं तिथं राहिलो एवढं दाखवायचं आहे. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानंच हे स्पष्ट केलेलं आहे. तरी शेकडो दावे "७५ वर्षांचा ताबा सिद्ध नाही" म्हणून उडतात आणि वकीलही मान डोलावतात.

म्हणजे वकील जाणकारच पाहिजे. पण तो बोलणार कशाच्या जोरावर?

इथं पहिल्या गटाशी माझं भांडण आहे. मोठा वकील लावला की आपलं काम संपलं, असं तुम्हाला वाटतं. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात दावेदार सोडून गावातल्या इतर म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब येतो. जुनी विहीर, बांध, लावलेली झाडं, दफनाची जागा, देवस्थान येतं. वनखात्यानं केलेल्या दंडाच्या पावत्या आणि गुन्ह्याचे कागद तर पेटीत जपून ठेवा. त्यांनीच लिहून दिलंय की अमुक साली हा माणूस या जागेवर नांगर धरून होता. लोक लाजून ते कागद लपवतात. पण हे सगळं ग्रामसभेच्या ठरावात, वनहक्क समितीच्या पंचनाम्यात आणि नकाशात आलं नसेल, तर हायकोर्टातला वकील नवीन पुरावा हवेतून आणू शकत नाही. फाईल कोरी असली तर वकिलाची जीभ कितीही गोड असो, ती पहिल्या पाच मिनिटांत सुकते.

म्हाताऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून चालतो, हे काही आभाळातून पडलेलं नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू स्वतः वकील आणि कार्यकर्तेही. त्यांच्याच नावाची केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९९५ साली आदेश झाला की दाव्यांच्या चौकशीत फक्त सरकारी कागदावर थांबू नका, दुसरा पुरावाही बघा. पाड्यावर बसून म्हाताऱ्यांचं ऐकलेला माणूसच अशी मागणी करू शकतो. वय, फी, ऑफिस यावरून हे कळत नाही.

ओडिशातल्या नियमगिरीचंही असंच. २००८ साली सुप्रीम कोर्टानं त्या डोंगरावर बॉक्साइटच्या खाणीला मोकळीक दिली होती. पाच वर्षांनी, १८ एप्रिल २०१३ ला, त्याच कोर्टानं सांगितलं की ग्रामसभांना विचारा. वकिलांनी प्रश्न ग्रामसभेपर्यंत आणून पोचवला. पुढचं उत्तर डोंगरिया कोंध लोकांनी दिलं. बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हणलं. एकाही ग्रामसभेचा ठराव अर्धवट सह्यांचा किंवा ग्रामसेवकानं घरी बसून लिहिलेला निघाला असता तर? आपल्याकडचे ठराव काढून बघा. किती ठरावांत निम्म्या मतदारांची हजेरी आहे? हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बायका आहेत का? समोरचा वकील हुशार असला तर पहिलं बोट तिथंच ठेवतो.

तर वकिलाकडं जाताना मोठेपणा बघू नका. त्याला विचारा, साहेब, वनहक्काची केस आधी केली का, आणि तिच्या निकालाची प्रत दाखवता का? तो स्वतः उभा राहणार की ज्युनियरला पाठवणार? ज्युनियर वाईट असतो असं नाही, कधीकधी तोच फाईल वाचतो. पण आधी माहीत पाहिजे. वकालतनाम्यावर अंगठा द्यायच्या आधी गावातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या. फीची पावती मागा. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या. चांगला वकील तुम्हाला पहिल्याच भेटीत विचारेल, निकालाची लेखी प्रत कुठाय, ती हातात कधी पडली? कारण समितीकडं दाद मागायला साठ दिवस असतात. हे न विचारता जो "होऊन जाईल" म्हणतो, त्याच्याकडून उठून या.

ज्यांना फी परवडत नाही त्यांनी सावकाराकडं जाऊ नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणं अनुसूचित जमातीच्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. बायकांनाही तसंच. तालुका कोर्टात समिती आहे, नांदेडला जिल्हा प्राधिकरण आहे, औरंगाबादच्या हायकोर्टातही आहे. फुकटचा म्हणजे हलका असं धरू नका, पण मिळेल तो गप्प घेऊही नका. अर्ज करतानाच लिहा की वनहक्काची माहिती असलेला वकील पाहिजे. दिलेला वकील तारखेला येत नसेल तर बदलून मागता येतो.

माझी सूचना अशी. प्रत्येक गावानं वेगळा वकील करून वेगळी पट्टी गोळा करण्यात अर्थ नाही. सगळ्या फेटाळलेल्या दाव्यांच्या फायली आधी एकत्र लावू. कुणाकडं लेखी निकाल आहे, कुणाकडं नाही, कोण अनुसूचित क्षेत्रातलं, कोण बाहेरचं, अशा गठ्ठ्यांत. मग एकच जाणकार वकील बघू, त्याला गावात आणू, देवाच्या झाडाखाली बसवू, म्हाताऱ्यांचं ऐकू देऊ. जाण्यायेण्याचं भाडं संघटनेनं द्यावं, जेवण गावानं. आणि प्रत्येक तारखेला गावातली दोन माणसं कोर्टात हजर राहिली पाहिजेत, त्यात एक बाई. नंदीग्राम एक्स्प्रेसनं निघायचं. मागच्या बाकावर आपली माणसं बसलेली दिसली की वकीलही जरा सावरून बोलतो, असं मला दिसलेलं आहे.

पुढच्या बैठकीला येताना दाव्याची पावती, फेटाळल्याचं पत्र असेल तर ते, ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल आणि दंडाच्या जुन्या पावत्या घेऊन यावं. ज्यांना फेटाळल्याचं पत्रच मिळालेलं नाही त्यांनीही यावं. त्यांचा गठ्ठा सगळ्यात आधी करायचा आहे.